भाग २३ : मान डोलावणारी कंपनी

थेरगावातून तुमचं स्वागत. मागे डांगे चौकाचे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या.

आज इतिहास फार जुना नाही. तो घडला इथून तासाभराच्या अंतरावर, तळेगावात. कंपनी : जनरल मोटर्स. म्हणजे आपली शेवरोले, बीट, टवेरा.

तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. जुलै २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात १ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. गुजरातचा हालोल कारखाना बंद होणार, सगळं काम तळेगावला येणार. इथल्या पोरांना वाटलं, आपलं बस्तान बसलं. पण मे २०१७ मध्ये, म्हणजे दोन वर्षंही झाली नव्हती, कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेर भारतात विक्री बंद. पुढे तळेगावात फक्त निर्यातीच्या गाड्या बनल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. चिनी ग्रेट वॉल कंपनीशी सौदा ठरला होता, तो सीमेवरच्या तणावानंतर सरकारी मंजुरीत अडकून बारगळला. २०२१ मध्ये सुमारे १,४०० कामगारांना ले-ऑफ मिळाला. कायद्याप्रमाणे निम्मा पगार. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. तोवर कामगार आणि त्यांची युनियन लढत होती.

धंदा बसला, हा गुन्हा नाही. २०१७ पर्यंत कंपनीचा भारतातला बाजारहिस्सा १ टक्क्याच्या खाली गेला होता. माझा प्रश्न वेगळा आहे. खरं काय चाललंय, हे अशा कंपनीत वरपर्यंत पोचतं का?

त्यासाठी जरा मागे जाऊ. २०१३ मध्ये कंपनीने १ लाख १४ हजार टवेरा परत मागवल्या. सरकारी तपासणीत प्रदूषण कमी दिसावं म्हणून काही कर्मचारी निवडून ठेवलेली इंजिनं बसवत होते. हे कंपनीनेच कबूल केलं, तेवढं श्रेय द्यायला हवं. पण परत मागवलेल्या टवेरा २००५ पासूनच्या. इतकी वर्षं कुणालाच दिसलं नाही?

आता अमेरिका. तिथे गाडीचा इग्निशन स्विच चालता चालता बंद व्हायचा आणि मग एअरबॅग उघडायची नाही. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सॉफ्टवेअरवाल्यांनो, इथे कान द्या. २००६ च्या सुमारास स्विच गुपचूप सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! म्हणजे कोड बदलला आणि व्हर्जन तेच. तपास करणाऱ्यांना नवा आणि जुना यातला फरकच वर्षानुवर्षं कळेना.

२०१४ च्या चौकशी अहवालात दोन शब्द आले. ‘जीएम नॉड’ : मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही. ‘जीएम सॅल्यूट’ : हाताची घडी घालून बोटं दोन्हीकडे, जबाबदारी शेजारच्याची. शिवाय २००८ च्या एका प्रशिक्षणात कोणते शब्द लिहू नका याची यादीच दिली होती. ‘प्रॉब्लेम’ नको, ‘इश्यू’ किंवा ‘मॅटर’ लिहा. ‘डिफेक्ट’ तर नकोच.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. भिंतीवर सुरक्षा, फाइलीत शब्दांची कसरत. वरच्यांना घोषणा बदलता येते. तळेगावच्या कामगाराला मात्र अब्जाच्या घोषणेवर घेतलेलं घराचं कर्ज बदलता येत नाही.

हसू येतं ना? मलाही आलं. मग गेला गुरुवार आठवला.

मी हिंजवडीत काम करतो, कंपनीचं नाव नको. आमच्याही भिंतीवर ‘मोकळेपणाने बोला’ असं पोस्टर आहे. रिलीजच्या मीटिंगमध्ये एक चूक मला माहीत होती. मॅनेजर म्हणाले, ‘सगळे अलाइन आहोत ना?’ आणि मी मान डोलावली. पगारवाढीचा महिना, काय करणार.

ती कंपनी काही राक्षसांनी चालवली नव्हती. तिथेही माझ्यासारखेच हप्तेवाले असणार.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी मेल पाठवला. त्यात ‘इश्यू’ नाही, ‘चूक’ असं लिहिलं आणि ती कुठे आहे तेही. अजून उत्तर नाही. आलं की पुढच्या भागात सांगतो, नाही आलं तरी सांगतो.

तोवर, तुम्ही शेवटची मान कधी डोलावली, ते मला कळवा. भेटू!