पेन्सिलीआधी चिमूट: लहान मुलांच्या बोटांना घरात कोणती कामं द्यावीत?

साडेतीन वर्षांचं मूल पेन्सिल मुठीत धरून रेघोट्या मारू लागलं, की घरात काळजी सुरू होते. लगेच गिरवायची वही येते. पण अक्षर वळणदार व्हायला आधी हात तयार व्हावा लागतो, आणि तो घरातल्या साध्या कामांतून जास्त चांगला तयार होतो.

हात तयार होतो म्हणजे काय?

जन्माच्या वेळी मनगटातली हाडं कूर्चेच्या रूपात असतात. ती टणक व्हायला बरीच वर्षं लागतात. हालचालींवरचा ताबाही आधी खांद्यात, मग कोपर-मनगटात आणि शेवटी बोटांत येतो. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वस्तू उचलतं. बहुतेक मुलं 3 वर्षांपर्यंत मोठे मणी ओवतात, 4 वर्षांपर्यंत खडू बोटांत धरतात आणि 5 वर्षांपर्यंत काही बटणं लावतात. थोडं मागेपुढे होऊ शकतं.

कोणती कामं द्यावीत?

- बोटांत ताकद येण्यासाठी: कणकेचा गोळा मळणं, ओला स्पंज पिळणं, वाळत घातलेल्या रुमालांना चिमटे लावणं.
- चिमटीसाठी: मटार सोलणं, मेथीची पानं खुडणं, रांगोळीची रेघ ओढणं. रांगोळी सोडताना अंगठा आणि तर्जनीचा दाब सांभाळावा लागतो. पेन्सिल धरतानाही हेच लागतं.
- दोन्ही हातांच्या मेळासाठी: जाड दोऱ्यात मोठे मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, शर्टाची बटणं लावणं.
- मनगटासाठी: डब्याचं फिरकीचं झाकण उघडणं, भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतणं.

महागड्या खेळण्यांची गरज नाही. 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही पानं, बिया, खडे, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंनाच शिक्षणाचं साधन केलं होतं.

काय सांभाळावं?

3 वर्षांखालच्या मुलांना मणी, शेंगदाणे, हरभरे, वाटाणे अशा बारीक वस्तू देऊ नका. घशात अडकू शकतात. मोठ्या मुलांजवळही बसा. दहा मिनिटं पुरेत. मूल कंटाळलं की थांबा. सांडलं, वाकडं झालं, तरी हातातून काम काढून घेऊ नका. आपण बटण लावून दिलं तर दोन मिनिटं वाचतात, पण मुलाचा सराव हुकतो.

डॉक्टरांना कधी विचारावं?

वर्षाच्या आतच मूल सतत एकच हात वापरत असेल, आधी जमणारी गोष्ट आता जमत नसेल, किंवा बोटं फार सैल वा ताठ वाटत असतील, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाकीच्यांनी गिरवायची वही थोडी लांबवली तरी चालेल. आज संध्याकाळी भाजी निवडायला बसताना मुलापुढेही एक ताटली ठेवा.