बी.कॉम.ला प्रवेश तर घेतला. आता पहिल्या वर्षी कॉलेज काय काय मागतं?

बारावीचा निकाल लागला की पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नड, सिल्लोडकडून येणाऱ्या एसटीतून मुलं-मुली आई-वडिलांसोबत छत्रपती संभाजीनगरला उतरतात आणि रिक्षानं औरंगपुरा गाठतात. जिल्हा परिषद इथंच, भाजी मंडई इथंच, पुस्तकांची दुकानं इथंच आणि १९१५ पासून चालत आलेल्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचं कला व वाणिज्य महाविद्यालयही इथंच. कॉमर्सचा अर्ज भरायला आलेल्या बऱ्याच घरांत एक हिशोब आधीच ठरलेला असतो: "आत्ता नाव घालून ठेवू, पेपरला येऊन जाऊ."

हा हिशोब आता जुळत नाही. २०२४-२५ पासून राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलं वर्ष सुरू झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची कॉलेजंही त्यात आली. वर्षाचे दोन सेमिस्टर आणि प्रत्येक विषयाचे गुण दोन ठिकाणी. काही गुण सेमिस्टरच्या शेवटच्या लेखी पेपरला आणि काही वर्ग चालू असतानाच, म्हणजे चाचणी, असाइनमेंट, तोंडी परीक्षा, प्रकल्प यांना. या दुसऱ्या भागाला अंतर्गत मूल्यमापन म्हणतात. पोरगं फक्त पेपरला उगवलं तर हे गुण त्याच्या हातातून आधीच गेलेले असतात. कोणत्या विषयाला किती गुण कुठं आहेत आणि दोन्हीकडं वेगळं पास व्हावं लागतं का, हे विद्यापीठाच्या अभ्यासक्रम पत्रिकेत छापलेलं असतं. प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात ती पीडीएफ मोबाईलवर उतरवून घ्यावी.

क्रेडिट आणि हजेरीचं गणित

क्रेडिट हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. वर्गातल्या १५ तासांच्या शिकवणीला १ क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना १ क्रेडिट. पहिल्या वर्षाला एकूण ४० ते ४४ क्रेडिट लागतात, म्हणजे एका सेमिस्टरला २० ते २२. हे क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावावर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये जमा होतात. पैशाच्या बँकेत जसं खातं लागतं, तसा इथं अपार आयडी लागतो.

आता हजेरी. नियम ७५ टक्क्यांचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचे तास कुणी मोजत नाही. ४ क्रेडिटच्या विषयाचे ६० तास होतात. त्यातल्या ४५ तासांना बसावं लागतं, १५ बुडाले तर चालतात. पण पहिल्या वर्षाचे बरेच विषय २ क्रेडिटचे असतात. त्यांचे तास ३०, बसायचं किमान २३ तासांना, आणि सूट फक्त ७ तासांची. आठवड्याला दोन तास धरले तर चार आठवडे घरी राहिलं की ८ तास गेले आणि विषय हजेरीत अडकला.

आपल्याकडं हे चार आठवडे कधी जातात ते सांगायला नको. दसऱ्यापासून कापूस वेचणीला येतो, मजूर मिळत नाही आणि घरातलं शिकणारं पोर पहिलं शेतात उतरतं. नेमकं तेव्हाच पहिल्या सेमिस्टरच्या चाचण्या आणि असाइनमेंटच्या तारखा चालू असतात. दुसऱ्या सेमिस्टरला गव्हाची काढणी आणि त्यामागं लग्नसराई. घरच्यांनी शेतीच्या तारखा आणि कॉलेजच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावल्या तर निम्मी अडचण मिटते. सलग महिनाभर थांबवण्यापेक्षा आठवड्यातले एक-दोन दिवस वाटून घेतले तर काम होतं आणि हजेरीही राहते.

आजारपण, अपघात, घरातला मृत्यू अशा वेळी कॉलेज समजून घेतं. पण अर्ज लगेच द्यावा लागतो, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह. परीक्षा फॉर्म अडवल्यावर मागच्या तारखेचं सर्टिफिकेट घेऊन वडिलांना सरांसमोर उभं करण्यात काही अर्थ नसतो.

वर्गात काय शिकवतात

नव्या रचनेत कॉमर्सच्या मुख्य विषयांबरोबर भाषा, कौशल्याचा विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे छोटे विषय येतात. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग यांनाही क्रेडिट आहेत. एक विषय दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो, कॉमर्सचा चालत नाही. या छोट्या विषयांकडं मुलं दुर्लक्ष करतात. क्रेडिट मात्र तिथंही तेवढेच मोजतात.

खरी कस लागते ती अकाउंटमध्ये. बारावी आर्ट्स किंवा सायन्स करून कॉमर्सकडं वळलेल्यांना तर जास्तच. एक उदाहरण घेऊ. गावात कृषी सेवा केंद्र सुरू झालं. मालकानं १ लाख रुपये रोख घातले. डीलरकडून ४० हजारांचं खत उधारीवर आणलं आणि त्यातले १५ हजार नंतर चुकते केले. एका शेतकऱ्याला १२ हजारांचं खत उधार दिलं. गावच्या वहीत एवढ्याच चार ओळी.

रोजकीर्दीत मात्र प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहितात. मालकाचे पैसे आले तेव्हा रोख खातं नावे, भांडवल खातं जमा. खत आणलं तेव्हा खरेदी खातं नावे, डीलरचं खातं जमा. पैसे दिले तेव्हा डीलर नावे, रोख जमा. उधारी दिली तेव्हा शेतकऱ्याचं खातं नावे, विक्री खातं जमा. मग खतावणी करून तेरीज काढायची. नावे बाजूला रोख ८५ हजार, खरेदी ४० हजार आणि शेतकऱ्याकडून येणं १२ हजार, एकूण १ लाख ३७ हजार. जमा बाजूला भांडवल १ लाख, डीलरचं देणं २५ हजार आणि विक्री १२ हजार. बेरीज तीच, १ लाख ३७ हजार.

मुलं अडतात ती "नावे" या शब्दापाशी. गावात नावे टाकणं म्हणजे उधारी लिहिणं. शेतकऱ्याच्या खात्याला ते बरोबर बसतं, पण दुकानात पैसे आले तरी रोख खातं नावे का, हे कळत नाही. वास्तव खात्याचा नियम वेगळा आहे: जे आत येतं ते नावे, जे बाहेर जातं ते जमा. दुसरा खटका भांडवलाचा. दुकान मालकाचंच, मग मालकाचे पैसे "देणं" कसे? कारण हिशोबात दुकान वेगळं आणि मालक वेगळा धरतात. घरच्या किराण्याला गल्ल्यातून ५ हजार काढले तर तो दुकानाचा खर्च नाही, मालकाची उचल आहे. घर आणि दुकान एकाच खिशातून चालवणाऱ्या कितीतरी धंद्यांना नफा झाला की तोटा हेच कळत नाही, ते याच एका कारणानं. हे ज्या पोराला समजलं, त्यानं घरच्या दूध डेअरीच्या वहीपासून सुरुवात करावी.

हे सगळं सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत शिकवून होतं. पुढचं घसारा, अंतिम खाती, ताळेबंद यावरच उभं असतं. उशिरा वर्गात आलेला मुलगा गाइड पाठ करत बसतो आणि आकडे बदलले की पेपर सोडून देतो. त्यामुळं घरकामासाठी सुट्टी घ्यायचीच असेल तर सुरुवातीला तरी घेऊ नये.

उत्तरं मराठीत लिहिता येतात. अर्ज भरताना माध्यम नीट पाहून टाकावं आणि पुस्तक त्याच माध्यमाचं घ्यावं. वर्गात मात्र जर्नल, लेजर, बॅलन्स शीट हेच शब्द जास्त चालतात. दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवले की अडत नाही.

बीबीएची वाट वेगळी

शेजारचा मुलगा बीबीएला गेला म्हणून आपणही जाऊ, असं म्हणण्याआधी एक गोष्ट पाहावी. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. १०० प्रश्न, ९० मिनिटं. इंग्रजी, तर्क, सामान्यज्ञान आणि संगणकाची तोंडओळख. सीईटी दिली नसेल तर निकालानंतर धावपळ करून उपयोग होत नाही. राखीव जागेसाठी जात पडताळणी प्रमाणपत्रही वेळेत हवं.

मुलींच्या फीबद्दल एक गैरसमज पसरला आहे. ८ जुलै २०२४ चा संपूर्ण शुल्कमाफीचा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना तो लागू होतो. साध्या बी.कॉम.ला "मुलींना सगळं मोफत" असं गृहीत धरून येऊ नये. बी.कॉम.साठी शिष्यवृत्तीच्या इतर योजना आहेत. त्यांचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी नव्यानं किंवा नूतनीकरण म्हणून करावा लागतो. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा जरी फरक असला तरी अर्ज, अपार आयडी आणि परीक्षा फॉर्म तिन्ही अडकू शकतात. आधार दुरुस्ती उन्हाळ्यातच उरकलेली बरी.

एसटीचंही तसंच. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. पुढं कॉलेजचं बोनाफाईड देऊन विद्यार्थी पास काढावा लागतो, त्यात ६६.६६ टक्के सवलत आहे. महिलांना तिकिटात मिळणाऱ्या ५० टक्के सवलतीपेक्षा रोज येणाऱ्या मुलीला हा पास स्वस्त पडतो.

परीक्षेत मोबाईल खिशात सापडला तरी कॉपीचं प्रकरण होतं. गैरप्रकाराविरुद्ध १९८२ चा राज्याचा कायदा आहे. दुसऱ्याची असाइनमेंट फोटो काढून उतरवली तर शिक्षकाला पहिल्या पानावरच कळतं, कारण चुकाही त्याच असतात. रॅगिंग झालं तर गप्प बसू नये. १९९९ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

रोज येणं जमणारच नसेल तर

घर चालवायला नोकरी आहे, वाळूजच्या कंपनीत शिफ्ट आहे, लग्न झालेलं आहे, अशांनी नियमित कॉलेजात नाव अडकवून ठेवू नये. १९८९ साली सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. पदवी अशाच लोकांसाठी आहे. मराठीतून शिकता येतं आणि अभ्यास केंद्रही जवळपास मिळतं. तिथं रोजच्या हजेरीचा जाच नाही, पण असाइनमेंट आणि परीक्षेच्या तारखा तिथंही असतात.

आणि नियमित कॉलेजात पहिलं वर्ष पूर्ण करून थांबावं लागलं तर ते वर्ष वाया जात नाही. ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली की प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची मुभा आहे. त्यासाठी जाताना कॉलेजला लेखी कळवावं आणि आपले क्रेडिट अपार आयडीवर चढले आहेत का, ते डिजिलॉकर उघडून स्वतः पाहावं.