अद्ययावतीकरण, वैयक्तिक संगणकाचे

अद्ययावतीकरण, वैयक्तिक संगणकाचे : संगणकाची यंत्रसामग्री व त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांचा मेळ घालणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) म्हणतात. या प्रणालीत निर्मात्याने वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्या व सुधारणा वापरणाऱ्याच्या संगणकावर उतरविणे म्हणजे अद्ययावतीकरण होय. त्याच्याशी आणखी दोन क्रिया निगडित आहेत. वापरणारा आपल्या गरजेप्रमाणे संगणकाची मांडणी करून घेतो, ही पहिली. अद्ययावतीकरणामुळे ती मांडणी विस्कटल्यास दोष शोधून ती पूर्ववत करणे, ही दुसरी. एकाच यंत्राच्या अंतर्भागात निर्माता व मालक असे दोघेही बदल करीत असतात. त्यांपैकी कोणाचे बदल टिकावेत आणि बिघाड झाल्यास मागे फिरण्याची वाट कोणाच्या हाती असावी, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : दुरुस्तीला उद्देशून वापरला जाणारा ‘पॅच’ म्हणजे ठिगळ हा शब्द छिद्रित फितींच्या काळाची आठवण करून देतो. हार्व्हर्ड विद्यापीठात १९४४ मध्ये कार्यान्वित झालेल्या मार्क-१ या गणनयंत्राच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने नोंदलेल्या असत. चुकीचे छिद्र बुजविण्यासाठी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. पुढील मोठ्या संगणकांच्या बाबतीतही असे बदल प्रशिक्षित कर्मचारीच करीत. वैयक्तिक संगणक घरोघरी व लहान कचेऱ्यांत पोहोचल्यावर मात्र हे काम तंत्रज्ञ नसलेल्या मालकाकडे आले [→ संगणक].

डॉस प्रणालीचा काळ : आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्यावरील डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीने पुरविली होती. १९८३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘कॉन्फिग.सिस’ या नावाच्या फाइलीची सोय झाली. संगणक सुरू होताना कोणत्या उपकरणांचे चालक कार्यक्रम (ड्रायव्हर) स्मृतीत घ्यावयाचे, हे या फाइलीत मालकाला स्वतः लिहिता येई. ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दुसऱ्या फाइलीत आरंभीच्या आज्ञा असत. डॉसखालील सर्वसाधारण आज्ञावल्यांना ६४० किलोबाइटपर्यंतचीच स्मृती वापरता येत असल्यामुळे या दोन फाइलींतील ओळींचा क्रम व निवड यांना फार महत्त्व आले. माउस, प्रिंटर, ध्वनिपत्र (साउंड कार्ड) व हवी ती आज्ञावली यांना एकाच वेळी जागा करून देणे, हे एक लहानसे शास्त्रच बनले.

या काळात नवी आवृत्ती फ्लॉपीवरून बसवावी लागे व ती केव्हा बसवावयाची, हे मालक ठरवी. १९९१ मधील पाचव्या आवृत्तीत जुनी प्रणाली जपून ठेवण्याची व गरज पडल्यास एका वेगळ्या फ्लॉपीच्या साहाय्याने तिच्याकडे परतण्याची सोय होती. १९९३ मधील सहाव्या आवृत्तीत संगणक सुरू होताना एफ-५ ही कळ दाबल्यास मालकाने केलेली सर्व मांडणी वगळली जाई, तर एफ-८ दाबल्यास तिच्यातील एकेक ओळ विचारून स्वीकारली जाई. सर्व भर काढून टाकावी, संगणक चालतो की नाही ते पाहावे व मग एकेक घटक परत जोडत दोष कोठे उद्‌भवतो ते शोधावे, ही दोषशोधनाची पद्धत या दोन कळांमुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

त्याच आवृत्तीने या सोयींची मर्यादाही दाखवून दिली. हार्ड डिस्कवरील माहिती आकुंचित करून जागा वाचविणारी ‘डबलस्पेस’ ही सुविधा तिच्यात होती. परंतु माहिती नष्ट झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्याच वर्षी निघालेल्या ६.२ या आवृत्तीत अधिक सुरक्षित व्यवस्था व डिस्क तपासणारी ‘स्कॅनडिस्क’ ही आज्ञावली देण्यात आली. १९९४ मध्ये स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने केलेल्या एकस्वविषयक दाव्यात मायक्रोसॉफ्टच्या विरुद्ध निकाल लागल्याने ही सुविधा काढून टाकावी लागली व पुढे ती वेगळ्या रूपात परत आली. प्रणाली पूर्ववत करता आली, तरी गमावलेली माहिती त्यामुळे परत येत नाही. तिची वेगळी प्रत असावीच लागते, हा धडा येथून मिळाला.

विंडोज व नोंदपट : विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत मांडणीच्या बऱ्याचशा नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत असत व त्या वाचता येत. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्ये यांपैकी बहुतेक नोंदी ‘रजिस्ट्री’ नावाच्या मध्यवर्ती नोंदपटात गेल्या. उपकरण जोडताच संगणकाने ते स्वतः ओळखावे, अशी योजनाही तिच्यात होती. यामुळे सामान्य वापर सुलभ झाला; परंतु मांडणी मालकाच्या नजरेआड गेली. मोजक्याच चालक कार्यक्रमांसह संगणक सुरू करणारी ‘सेफ मोड’ ही अवस्था दोषशोधनाचे मुख्य साधन बनली.

अनेक आज्ञावल्यांना सामाईक असणाऱ्या आज्ञासंचांमुळे (डीएलएल) वेगळाच पेच उद्‌भवला. एका आज्ञावलीने आपल्याबरोबर आणलेला संच जुन्याच्या जागी ठेवला की, त्याच्यावर अवलंबून असलेली दुसरी आज्ञावली बंद पडे. विंडोज २००० मध्ये महत्त्वाच्या फाइलींना संरक्षण देण्यात आले. त्याच वर्षी आलेल्या विंडोज एमई मध्ये ‘सिस्टिम रिस्टोअर’ ही सोय झाली. ठराविक क्षणी प्रणालीची स्थिती नोंदवून ठेवणे व नंतर त्या स्थितीस परतणे, असे तिचे स्वरूप आहे. २००१ मधील विंडोज एक्सपीत ती कायम राहिली व एखाद्या उपकरणाचा चालक कार्यक्रम मागील आवृत्तीवर नेण्याची सोयही तिला जोडून आली.

देवनागरी लिपी व मराठी वापरणारे : मराठीत लिहिणाऱ्यास संगणकाची मांडणी बदलणे ही हौस नव्हती, गरज होती. डॉसच्या काळात कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने (स्थापना १९८८) प्रसृत केलेले जिस्ट कार्ड संगणकात बसवून भारतीय लिप्या पटलावर आणता येत. विंडोजचा प्रसार झाल्यावर या कार्डाची जागा फाँट व कळफलकाच्या आज्ञावल्यांनी घेतली. निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांतील संकेत एकमेकांशी जुळत नसत. नवीन प्रणाली बसविताना जुना फाँट राहून गेला, तर वर्षानुवर्षे टंकलिखित केलेला मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसे.

युनिकोड या जागतिक संकेतानुसार देवनागरी लिपी हाताळण्याची व्यवस्था विंडोज २००० मध्ये आली. विंडोज एक्सपीत मात्र ती सर्वसाधारणतः आपोआप कार्यान्वित होत नसे. प्रादेशिक व भाषाविषयक मांडणीत जाऊन व मूळ सीडी घालून ती चालू करावी लागे. संगणक दुरुस्तीस जाऊन प्रणाली पुन्हा बसविली गेली की, हे सर्व परत करावे लागे. अन्यथा मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत. विंडोज व्हिस्टापासून (२००७) ही सोय मुळातच अंतर्भूत झाली.

जालकाद्वारे अद्ययावतीकरण : विंडोज ९८ पासून दुरुस्त्या इंटरनेटवरून थेट मिळू लागल्या. त्या न घेण्याचे परिणाम २००३ मध्ये दिसून आले. जुलैमध्ये प्रसृत झालेली एक दुरुस्ती असंख्य संगणकांवर बसविलेलीच नव्हती व ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ या घातक आज्ञावलीने नेमक्या त्याच दोषाचा फायदा घेतला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याचा प्रघात पाडला. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत अद्ययावतीकरण बव्हंशी सक्तीचे झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे समर्थनीय होते. तथापि दोष असल्यास तो एकाच वेळी असंख्य यंत्रांवर पोहोचण्याची शक्यताही त्यामुळे वाढली. ऑक्टोबर २०१८ मधील मोठ्या सुधारणेत काही जणांच्या वैयक्तिक फाइली पुसल्या गेल्या. तिचे वितरण थांबवावे लागले व नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीबरोबर गेलेल्या एका सदोष फाइलीमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लाख संगणक बंद पडले. ही दुरुस्ती परिचालन प्रणालीची नव्हती. परंतु ती प्रणालीच्या गाभ्याशी जोडलेली होती. भारतातील काही विमान प्रवाशांना त्या दिवशी हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. बिघाड दूरस्थपणे पसरला; निवारणासाठी मात्र अनेक ठिकाणी प्रत्येक संगणकाजवळ जाऊन, तो सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल पुसावी लागली.

मुक्त प्रणालींतील मार्ग : लिनक्सवर आधारित डेबियन (१९९३) या प्रणालीत निर्माता व मालक यांच्या बदलांची फारकत स्पष्टपणे केलेली आहे. मांडणीच्या फाइलींची खूण निर्मात्याकडून नोंदलेली असते. अद्ययावतीकरणाच्या वेळी मालकाने अशी फाइल बदललेली आढळली आणि निर्मात्याची फाइलही नवी असली, तर जुनी ठेवावयाची की नवी घ्यावयाची हे मालकाला विचारले जाते व दोहोंतील फरकही दाखविला जातो. यासाठी मालकाला फाइलीचा अर्थ कळावा लागतो, ही या पद्धतीची अडचण आहे.

दोषनिवारणाची रीत : अद्ययावतीकरणानंतर बिघाड झाल्यास सर्वांत अलीकडे झालेल्या बदलापासून शोध सुरू करतात. प्रथम सेफ मोडमध्ये संगणक चालतो का, हे पाहतात. चालत असल्यास दोष बहुधा चालक कार्यक्रमात अथवा आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावलीत असतो. चालक कार्यक्रम मागील आवृत्तीवर नेणे, विशिष्ट दुरुस्ती काढून टाकणे, प्रणाली पूर्वीच्या स्थितीस नेणे व शेवटी ती नव्याने बसविणे, असा चढता क्रम पाळतात. सिस्टिम रिस्टोअरमुळे वैयक्तिक कागदपत्रे परत मिळत नाहीत. हार्ड डिस्क सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद असल्यास तिची पुनःप्राप्ती किल्ली आधीच संगणकाबाहेर नोंदवून ठेवणे आवश्यक असते; ती नसल्यास निरोगी डिस्कवरील माहितीही मालकाला दुरावते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ठरविलेल्या यंत्रसामग्रीच्या अटींत अनेक जुने, परंतु चालू स्थितीतील संगणक बसत नाहीत. अशा वेळी दुरुस्त्यांविना वापर चालू ठेवणे, दुसरी प्रणाली बसविणे किंवा यंत्रच बदलणे, असे काही पर्याय मालकापुढे राहतात. फ्लॉपीच्या काळात अद्ययावतीकरणाची वेळ मालक ठरवीत असे. आता यंत्र किती काळ सुरक्षितपणे वापरता येईल, हेही बऱ्याच अंशी निर्मात्याच्या निर्णयावर अवलंबून आहे.