चिपाडाची वीज

सोलापूर जिल्ह्यात अपारंपरिक ऊर्जेची यंत्ररचना सौर पॅनेल किंवा पवनचक्कीपासून सुरू झाली नाही. ती साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी सुरू झाली. चिपाड जाळण्याची रीत तर त्याहूनही जुनी. गुऱ्हाळात रस काढून उरलेले चिपाड वाळवून चुलवणात सारत आणि त्यावरच काहील तापे. पुढे नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर अकलूज परिसरात ऊस वाढला. सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये माळीनगरच्या कारखान्याची स्थापना केली. चुलवणाच्या जागी बॉयलर आला, इंधन मात्र तेच राहिले. त्याच दशकात सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले. तिथल्या कार्यशाळांतून पुढे देशभरच्या साखर कारखान्यांसाठी यंत्रे घडू लागली.

जुन्या बॉयलरचा दाब साधारण २१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असे. त्याची कार्यक्षमता कमी होती, पण त्यात अडाणीपणा नव्हता. गाळलेल्या उसाच्या सुमारे ३० टक्के बगॅस, म्हणजे चिपाड, निघतो आणि त्यात निम्मे पाणी असते. शिल्लक ढीग साठवायला जागा लागे, शिवाय आगीची धास्ती. त्यामुळे कारखान्याची गरज भागवून बगॅस संपून जाईल, असाच बॉयलर सोयीचा ठरे.

बगॅस वाचवणे फायद्याचे झाले ते वीज विकता येऊ लागल्यावर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००२ मध्ये सहवीज, म्हणजे साखरेसाठीच्या वाफेतूनच वीजही काढणाऱ्या, प्रकल्पांसाठी दर ठरवले, तर २००३ च्या वीज कायद्याने अपारंपरिक विजेच्या खरेदीला आधार दिला. मग बॉयलरचा दाब ६७, ८७ आणि पुढे ११० किलोपर्यंत गेला, वाफेचे तापमान ५४० अंशांच्या घरात पोचले.

यंत्र अभियंत्याचे खरे काम इथे सुरू होते. इतक्या तापमानाला सुपरहीटरच्या नळ्या मिश्रधातूच्या पोलादाच्याच लागतात. उसाबरोबर येणारी माती-वाळू राखेतून नळ्यांवर आदळते आणि त्या झिजवते, म्हणून धुराचा वेग आवरता ठेवावा लागतो. साखरेचा अंश मिसळलेले पाणी जुना बॉयलर एक वेळ पचवी. उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये ते गेले तर नळ्याच निकामी होतात. टर्बाइनमधून काही वाफ मधेच काढून रस आटवायला द्यायची आणि उरलेली थंड करून तिचे पुन्हा पाणी करायचे, हा हिशेब गाळपाच्या चढउतारांत सांभाळावा लागतो. गिरण्यांना वाफेऐवजी विजेच्या मोटारी बसल्या, त्यामुळे विक्रीच्या विजेसाठी आणखी वाफ मोकळी झाली. वाचलेल्या बगॅसवर हंगाम संपल्यावरही संच चालवता येतो.

अलीकडे सौर वीज स्वस्त झाल्याने सहवीज प्रकल्पांच्या दरांवर दबाव आला आहे. पण साखर शिजवायला वाफ लागते आणि ती सौर पॅनेलमधून मिळत नाही. त्यामुळे विजेला भाव कमी मिळाला तरी गाळप सुरू असेतोवर बॉयलर पेटता ठेवावाच लागतो.