सोळा पिंपांची बाग

आम्हा आयटीवाल्यांमध्ये बागकाम म्हणजे ‘स्ट्रेसबस्टर’. नेल्सन मंडेलांची बाग या खात्यात बसत नाही. ‘लाँग वॉक टू फ्रीडम’ वाचताना मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते त्या बागेच्या पानांवर.

रॉबेन बेटावरच्या तुरुंगात वर्षानुवर्षं मागणी केल्यावर त्यांना अंगणातल्या भिंतीलगत मातीची एक अरुंद पट्टी मिळाली. जमीन कोरडी, खडकाळ. आधी दगड उपसले, मग टोमॅटो, मिरच्या, कांदे लावले. त्यातला चांगला माल ते पहारेकऱ्यांनाही देत. कोंडून ठेवणाऱ्यांनाच कांदे! मला हे पचायला जरा वेळ लागला.

तुरुंगात बाकी सगळं हुकमाने चाले. पेरणं, पाणी घालणं, काढणं एवढंच त्यांच्या हातात होतं. एक टोमॅटोचं रोप भरभरून फळलं आणि मग काही केल्या जगलं नाही. त्यांनी त्याची मुळं धुऊन बागेच्या कोपऱ्यात पुरली. मोजून मिळणाऱ्या, सेन्सॉर होणाऱ्या पत्रांपैकी दोन त्यांनी विनींना या रोपाबद्दल लिहिली. जपलं नाही तर नातंही असंच सुकेल, ही भीती त्यांत होती.

त्याच अंगणात आत्मचरित्राचं हस्तलिखितही पुरलं होतं. भिंतीसाठी खोदताना त्यातलं काही सापडलं आणि चार वर्षं अभ्यासाची सवलत गेली.

१९८२मध्ये त्यांना पोल्समूरला हलवलं. तिथे गच्चीवर तेलाची सोळा पिंपं अर्धी कापून त्यांनी सुमारे ९०० रोपं वाढवली. दर रविवारी त्यातली भाजी इतर कैद्यांच्या जेवणासाठी तुरुंगाच्या स्वयंपाकघरात जायची.