गणपतराव देशमुख : ११ वेळा आमदार, एकच मतदारसंघ, एकच पक्ष

२०२२ मध्ये गुवाहाटीहून व्हायरल झालेली 'काय झाडी, काय डोंगार'ची ऑडिओ क्लिप आठवतेय? त्यात बोलणारे शहाजीबापू पाटील हे सांगोल्याचे आमदार होते. पण त्याआधी कित्येक वर्षं सांगोला म्हटलं की राज्यात एकच नाव घेतलं जायचं, ते म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख. लोकांसाठी 'आबा'.

सुरुवात कशी झाली?

१९२६ साली जन्मलेले गणपतराव पेशाने वकील. विद्यार्थीदशेतच ते शेकापच्या विचारांकडे ओढले गेले. १९६२ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून ते पहिल्यांदा विधानसभेत पोहोचले. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे एकूण ११ विजय. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा त्यांचं वय होतं ८८.

कधी हरले?

ही यादी नीट पाहिली तर त्यात १९७२ आणि १९९५ ही वर्षं दिसत नाहीत. या दोन्ही वेळी सांगोल्याने त्यांना घरी बसवलं. १९९५ मध्ये शहाजीबापूंनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवलं. म्हणजे हा मतदारसंघ त्यांना आंदण मिळालेला नव्हता. दोन्ही पराभवांनंतर ते पक्ष न बदलता पुन्हा निवडून आले.

लोक निवडून का द्यायचे?

याचं मोठं उत्तर पाण्यात आहे. सांगोला हा कायम दुष्काळाशी झुंजणारा तालुका. जवळच्या आटपाडीत १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा सुरू झाल्या. कृष्णा खोऱ्यातल्या १३ दुष्काळी तालुक्यांना हक्काचं पाणी मिळावं, ही त्यांची मागणी. गणपतराव या लढ्यातला प्रमुख चेहरा होते. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलणारी टेंभू योजना सांगोल्यापर्यंत यावी म्हणून त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर सतत पाठपुरावा केला.

दुसरं काम सहकाराचं. सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि दुष्काळी गावांतल्या तरुणांना तालुक्यातच रोजगार मिळाला. त्यात त्यांची साधी राहणी. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख राज्यभर झाली.

मंत्री झाले का?

दोनदा. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारमध्ये आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक काळ ते विरोधी बाकांवरच होते. सत्तेबाहेर राहून तालुक्यासाठी निधी आणि योजना आणायच्या, तर सभागृहाचे नियम आणि आयुधं तोंडपाठ लागतात. त्यात त्यांचा हात धरणारे कमीच होते.

विक्रम नेमका कोणता?

'देशात सर्वाधिक वेळा आमदार' असा मजकूर त्यांच्या नावाने सोशल मीडियावर फिरतो. तो बरोबर नाही. तमिळनाडूचे एम. करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून १३ वेळा निवडून आले, तर केरळचे के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा. गणपतरावांचा ११ वेळांचा विक्रम महाराष्ट्रातला आहे. तो मोठा ठरायला देशपातळीवरच्या दाव्याची गरजही नाही. शेकाप राज्यभर आक्रसत गेला. २०१४ मध्ये पक्षाचे जेमतेम ३ आमदार निवडून आले, त्यातले एक आबा होते.

आबांनंतर सांगोला

२०१९ मध्ये वयामुळे त्यांनी निवडणूक लढवली नाही. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. जिंकले पुन्हा शहाजीबापूच. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचं निधन झालं. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून ही जागा परत मिळवली. त्या निवडणुकीत संपूर्ण महाराष्ट्रात शेकापला मिळालेली ही एकमेव जागा.

आबांचं नाव आजही सांगोल्यात मतं मिळवून देतं. पण १९७२ आणि १९९५ मध्ये याच मतदारांनी खुद्द आबांनाही नाकारलं होतं. त्यामुळे पुढच्या वेळी मतदार नावाआधी पाण्याचा हिशेब विचारतील, हे नव्या आमदारांनाही ठाऊक असणार.