आधी मयत की आधी रस्ता?

गिरड म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. टेकडीवरचा फरीदबाबांचा दर्गा, आणि तिथे सापडणारे जायफळासारखे गोल दगड. भूगर्भशास्त्र त्या दगडांना झिओलाइटच्या जातीचे खनिज म्हणतं, गावातली माणसं बाबांची गोष्ट सांगतात. त्यावर पुन्हा कधीतरी. आज लिहायचंय ते गिरडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर मला आलेल्या रागावर.

माझं आजोळ गिरडच्या अलीकडचं. तिथून सकाळच्या बसने मी नागपूरला निघाले होते. साडेअकराला पीएचडीचं सहामाही सादरीकरण होतं. गावातून मुख्य रस्त्याला लागतो न लागतो तोच बस थांबली. समोर मयत. पुढे मडकं धरलेला माणूस, मागे तिरडी, त्यामागे शंभर-दीडशे लोक, रस्ताभर. एका बाजूने दुचाकीवाले घुसायला बघत होते, दुसऱ्या बाजूला कापसाची गाडी अडकली होती. मागून हॉर्न सुरू झाले. बसमधला एक जण बोललाच, "यायले काय हाच रस्ता भेटला?" त्यावर पुढच्या सीटवरची म्हातारी शांतपणे म्हणाली, "मयत आहे नं बापा, थांबाच लागते."

मनातून मी त्या माणसाच्या बाजूची होते. पंचवीस मिनिटं गेली. मी उशिरा पोचले, आणि उशिराचं कारण सांगताना माझ्या आवाजात जी चीड होती ती मलाच नंतर खटकली. कारण माझा विषयच रांगांचा आहे. एमएस्सी भौतिकशास्त्रात केली, आणि आता वाहनांच्या रांगा कशा तयार होतात आणि कशा विरतात याच्या गणितावर काम करते. निदान मी तरी चिडण्याआधी हिशोब करायला हवा होता. तर तो आता करू.

1955 मध्ये लाइटहिल आणि व्हिटम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी दोन भागांत एक संशोधन छापलं. पहिला भाग लांब नद्यांमधल्या पुरावर होता आणि दुसरा गर्दीच्या रस्त्यावरच्या वाहनांवर. दोन्हीकडे गणित एकाच घराण्यातलं. पाण्याची लाट जशी नदीतून सरकते तशी थांबलेपणाची लाट रस्त्यावरून मागे मागे सरकते. आमच्या विषयात मयतीसारख्या गोष्टीला 'चालता अडथळा' म्हणता येईल. ट्रॅक्टर, ऊसगाडी, वरात, मोर्चा, सगळे त्यातच येतात.

समजा अंत्ययात्रेला मुख्य रस्त्यावरून एक किलोमीटर जायचंय. तिरडीचा वेग ताशी 3 किलोमीटर धरू, म्हणजे 20 मिनिटं. मध्ये विसाव्याची 5. एकूण 25. आता समजा मागून मिनिटाला 5 गाड्या येतात. 25 मिनिटांत 125 गाड्या साचल्या. रस्ता मोकळा झाल्यावर मिनिटाला साधारण 30 गाड्या सुटू शकतात असं धरलं, तर नव्याने येणाऱ्या 5 वजा जाऊन रांग मिनिटाला 25 ने कमी होते. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत.

आता तीच मयत, तोच रस्ता, तेवढीच 25 मिनिटं. फक्त मिनिटाला 5 ऐवजी 20 गाड्या येतात असं धरा. साचल्या 500. सुटताना रांग मिनिटाला फक्त 10 ने कमी होणार. म्हणजे मयत निघून गेल्यावरही 50 मिनिटं रांग राहणार. हे आकडे मोजलेले नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत, पण त्यातलं तत्त्व पक्कं आहे. गाड्या चौपट झाल्या की कोंडी चौपट होत नाही, इथे ती दहापट रेंगाळली. शेवटी अडकलेल्या माणसाने तर मयत पाहिलेलीही नसते. तो फक्त रागावलेला असतो.

थोडक्यात, तिरडीचा वेग आजोबांच्या काळात होता तेवढाच आहे. बदलला तो रस्ता. म्हणून या प्रश्नाचा इतिहास शोधायचा तर रस्त्याचा शोधावा लागतो.

पूर्वी बहुतेक गावांत मयतीची वाट ठरलेली असे. घर, वेस, विसावा, मग नाल्याकाठी किंवा नदीकाठी स्मशान. विसावा म्हणजे तिरडी क्षणभर खाली टेकवायची जागा. तिथे खांदेकरी बदलतात. एखादा दगड, एखादं झाड, तेवढीच खूण. पुढे या वाटेवर खडी पडली, मग डांबर, मग रुंदीकरण. पांदण रस्ता झाली आणि रस्ता राज्यमार्ग झाला. विसावा जिथल्या तिथे राहिला. आज नकाशा बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं मुद्दाम रस्त्यात थांबतात. प्रत्यक्षात त्यांच्या थांबण्याच्या जागेवरून रस्ता गेला.

शहरात हाच प्रश्न फार आधी आला. एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढायला लागली तेव्हा गिरगावच्या कडेचं सोनापूरचं स्मशान शिवडीला हलवायचा सरकारचा विचार होता. जगन्नाथ शंकरशेट यांनी त्याला विरोध केला आणि ते हललं नाही. या प्रसंगाकडे आपण धार्मिक भावनेचा विषय म्हणून बघतो. पण गिरगाव ते शिवडी हे अंतर खांद्यावर तिरडी घेऊन चालून बघा, म्हणजे तो वाहतुकीचाही प्रश्न होता हे कळेल. स्मशान जितकं लांब तितकी मयत जास्त वेळ रस्त्यावर. शहरं आजही स्मशानं बाहेर ढकलतात आणि मग अंत्ययात्रा लांबल्या म्हणून तक्रार करतात.

त्याच मुंबईत 1874 मध्ये घोड्यांची ट्राम आली, 1907 मध्ये विजेची. रूळ आले की रस्त्याचा एक पट्टा कायमचा वाहनाचा होतो, कारण ट्रामला बाजूने जाता येत नाही. या शहरात 1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्य टिळक गेले. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहातून अंत्ययात्रा निघाली ती भर पावसात गिरगाव चौपाटीवर गेली. गांधीजींनीही खांदा दिला. चौपाटीवर दहनासाठी खास परवानगी घ्यावी लागली. तो रविवार होता. रस्ता त्या दिवशी कुणाचा आहे हे लाखो लोकांनी पायांनी ठरवलं.

दुसरा दिवस 7 डिसेंबर 1956, शुक्रवार, म्हणजे कामाचा दिवस. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेब आंबेडकर गेले होते. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं. दादरच्या राजगृहातून दुपारी निघालेली अंत्ययात्रा परळवरून फिरून संध्याकाळी दादर चौपाटीला पोचली. वाहतूक ठप्प होती. या प्रसंगाकडे मी विदर्भातून बघते तेव्हा मला दोन महिन्यांपूर्वीचा नागपूरचा 14 ऑक्टोबर आठवतो, आणि त्याहून जुनं काहीतरी. अनेक गावांत ज्या माणसांना वेशीतून, मुख्य रस्त्याने आपली मयत नेता येत नव्हती, ज्यांचं स्मशानही वेगळं होतं, त्या माणसांनी त्या दिवशी देशाच्या सगळ्यात धावत्या शहराचा रस्ता आपल्या माणसासाठी व्यापला. ज्या व्हिन्सेंट रोडवरून ते चालले, तो आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे. तेव्हा त्या कोंडीत कुणी चिडलं नसेल असं मी म्हणत नाही. पण 'रस्ता अडवला' हे शब्द तिथे पुरत नाहीत. कारण कित्येक पिढ्या रस्ता त्यांचा अडवलेला होता.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, मिरवणुकींचा मार्ग आणि वेळ ठरवण्याचे अधिकार प्रशासनाला आहेत. जमावबंदीचा आदेश निघतो तेव्हा मात्र लग्न आणि अंत्ययात्रा त्यातून सहसा वगळलेल्या असतात. आणि 1989 च्या रस्ता नियमावलीत एक वाक्य होतं जे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला कुणी शिकवलं नाही. मिरवणुकीजवळून जाताना वाहनाने ताशी 25 किलोमीटरच्या वर जायचं नाही. म्हणजे मिरवणूक रस्त्यावर असणारच, हे धरूनच नियम केला होता.

पण मग चिडणाऱ्याने गप्पच बसायचं का? नाही. या इतिहासात 2012 सुद्धा आहे. 18 नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांची अंत्ययात्रा मातोश्रीवरून शिवाजी पार्कला गेली आणि मुंबई बंद राहिली. या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. त्यावरून निघालेल्या श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द केलं. म्हणजे शहर का थांबलं असं विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि तो दोन मुलींनी त्रास सोसल्यावर पक्का झालाय. मयतीपुढे थांबणं आणि बंदमुळे थांबणं यातला फरक विचारायलाच हवा. त्या रांगेत रोजंदारीवर जाणारा असतो, परीक्षेला जाणारा पोरगा असतो, कधी बाळंतपणाची बाई असते. त्यांचा वेळ कमी दर्जाचा नाही.

फक्त राग कुणावर काढायचा ते नीट बघायला हवं. अंत्ययात्रांवर सरकारने सगळ्यात कडक हात ठेवला तो वाहतुकीसाठी नव्हे, साथीसाठी. 1897 च्या प्लेगात पुण्यात मृत्यूची नोंद झाल्याशिवाय अंत्यविधी करायची बंदी आली. त्याच वर्षीचा साथरोग कायदा 2020 मध्ये पुन्हा बाहेर निघाला आणि अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा आली. रस्ते रिकामे होते. आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर प्रवाह पूर्ण मोकळा. कुणाला काहीच अडथळा नव्हता.

त्या दिवसांत माझी आजी गेली. करोनाने नाही, वयाने. मोजून माणसं, रिकामा रस्ता, दहा मिनिटांत सगळं आटोपलं. आमच्या घरी बायका विसाव्यापर्यंत जातात, पुढे जात नाहीत. म्हणजे विसावा ही आमच्यासाठी शेवटची भेट. त्या दिवशी मामाने विचारलं, "इथं टेकवायची का, का सरळ नेऊ?" आई म्हणाली, "टेकव रे दादा, दोन मिनटं." टेकवली. एकही गाडी आली नाही.

बसमधून उतरल्यावर कितीतरी दिवसांनी मला हे आठवलं. माझ्या गणितात मी 'विसाव्याची 5 मिनिटं' असं लिहिलंय ना, ती ही मिनिटं. कोंडी कमी करायची म्हणून ती वगळली तर 25 ची 20 होतात. ज्या बाईला तिथूनच परत फिरायचंय तिचं मात्र सगळंच जातं.

करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं काहीही अवघड नाही. रस्ता रुंद करताना विसाव्यापाशी बाजूला दहा-पंधरा पावलांची पक्की जागा सोडता येते. मोक्षधामाकडे जाणारी पांदण बांधता येते, म्हणजे मयतीला राज्यमार्गावर यावंच लागणार नाही. दोन पोरं पुढे-मागे उभी राहून एक बाजू सोडवत राहिली तरी रांग निम्म्यावर येते. अॅम्ब्युलन्स दिसली की माणसं आजही तिरडीसकट कडेला होतात. दहनभूमी आणि तिचा रस्ता बघणं हे ग्रामपंचायतीच्या कामांत येतं. पण दर पावसाळ्यात आपण बातम्या वाचतो: स्मशानाला रस्ता नाही, कमरेएवढ्या पाण्यातून तिरडी नेली, शेतमालकाने वाट अडवली म्हणून मृतदेह कचेरीसमोर ठेवला. एकीकडे मयतीने रस्ता अडतो, दुसरीकडे मयतीलाच रस्ता नसतो. दोन्ही तक्रारी मला एकच वाटतात. रस्ते आखताना मेलेला माणूस आपण हिशोबात धरत नाही.

त्या दिवशी सादरीकरणात मला परीक्षकांनी विचारलं होतं की तुझ्या प्रतिमानात 'चालता अडथळा' किती वेळ धरलाय. मी आकडा सांगितला. पुढच्या वेळी विचारलं तर आकडा तोच सांगेन, पण त्यातली पाच मिनिटं कमी करता येणार नाहीत हेही सांगेन.